काळा डबा, लाल डबा

माझ्या भाचीनं घरातल्या घरात स्टुडिओ थाटायचं ठरवलं तेव्हा तिनं मला फोन करून एवढंच विचारलं, "मामा, डबा कोणता घेऊ?"

डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माइकमधून आलेला आवाज कॉम्प्युटरच्या पचनी पडेल असा करून देणारं, जाड पुस्तकाएवढं यंत्र. इंटरफेस म्हणताना माझी जीभ अडखळते असं नाही. पण आमच्या वेळी हेच काम करणारं टेबल अर्धी खोली अडवून बसायचं, त्यामुळे या चिमुकल्याला डब्याहून मोठा मान द्यायला मन तयार होत नाही. भाचीनं माझाच शब्द उचलला. तशी ती माझं बरंच काही उचलते, आणि घोडं तिथंच अडलं.

मी चौतीस वर्षं नभोवाणीवर रेकॉर्डिस्ट होतो. तिथं मला सगळे 'चाळणी' म्हणायचे. गाणाऱ्याच्या खुर्चीची करकर, वादकाच्या बाहीची सळसळ, पलीकडच्या खोलीत चालू राहिलेला पंखा, सगळा कचरा माझ्यापाशी अडकायचा. दिग्दर्शक म्हणायचे, चाळणीनं मान हलवली की टेप पुढे पाठवा. निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते फार टिकटिकतं म्हणून मी कपाटात कोंबलं. सांगायचा मुद्दा, मी कानांवर जगलेला माणूस आहे आणि त्यांचा मला गर्व होता. थोडाथोडका नव्हे, चांगला दणदणीत गर्व होता.

आता जी गोष्ट मी दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती, ती इथं आधीच सांगून टाकतो. मला बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. हे कळलं ते थर्मामीटरमुळे. ताप आला होता म्हणून ताई, माझी थोरली बहीण, येऊन बसली होती. मी थर्मामीटर तोंडात धरून मुकाट पडलो होतो आणि ती म्हणाली, "अरे, कधीचा वाजतोय तो, काढ की." मी म्हटलं, झोप लागली होती. डोळे टक्क उघडे होते, पण ताईनं सोडून दिलं.

बरं वाटल्यावर मी स्वतःच स्वतःची परीक्षा घेतली. आवाजाची उंची आम्ही आकड्यांत मोजतो. सहा हजारांपर्यंत कसंबसं ऐकू आलं, त्यापुढे नुसती शांतता. आधी मी हेडफोनवर संशय घेतला, मग वायरवर, मग कॉम्प्युटरवर. तिसरा हेडफोन आणल्यावर गप्प बसलो. चारचौघांत बोलताना याचा कुणाला पत्ता लागत नाही, कारण माणसांचं बोलणं त्या आकड्यांच्या बरंच खाली आटोपतं. वयानं सगळ्यांचंच असं होतं म्हणतात. होत असेल. सगळ्यांना कुणी चाळणी म्हणत नाही.

तर भाची. ताईची एकुलती एक, तिशीची, लहानपणापासून घरात एका जागी ठरायची नाही म्हणून तिला मी भिंगरी म्हणतो. व्हायोलिन उत्तम वाजवते, गाते त्याहून बरं. लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका बाईंनी तिला आठ अंगाई करायला सांगितल्या होत्या. चाली तिच्या, गाणं तिचं, वाजवणंही तिचंच. आजवर दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलेल्या मुलीला पहिल्यांदा कुणीतरी पुढे बसवलं होतं. ते काम नीट झालं तर ती स्वतःच्या नावानं उभी राहणार होती. आणि अंगाई म्हणजे ओठांतल्या ओठांत गायची. इतकं हळू गायचं तर माइकचा आवाज पूर्ण चढवावा लागतो, आणि माइक चढवला की डब्याच्या पोटातली सगळी कुरकुरही चढते. म्हणून डबा निवडणं हे साधं काम नव्हतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता आणि त्याला श्वास घ्यायची गरज पडत नसावी. त्याला मी मनातल्या मनात 'माहितीपत्रक' म्हणायला लागलो. "याला दोन माइक लागतात, यालाही दोन लागतात, याचे दिवे निळे आहेत, याचे हिरवे." दिव्यांच्या रंगावरून डबा घेणारे लोक असतील म्हणूनच तो सांगत असणार. शेवटी दोन उरले. काळा डबा कॉम्प्युटरच्याच केबलमधून वीज घेणारा, सुटसुटीत. लाल थोडा बोजड, त्याचा वेगळा अडॅप्टर.

मी माझ्या पद्धतीनं तपासणी लावली. मी डब्यातून गाणं ऐकत नाही. गाणं कुठल्याही डब्यातून चांगलंच लागतं. माइक जोडायचा, पूर्ण चढवायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ती रिकामी शांतता ऐकायची. डब्याची लायकी कुणी गात नसताना कळते. आणि ऐकताना पडद्याकडे बघायचं नाही. कॉम्प्युटर आवाजाचे आलेख काढून दाखवतो, ते बघितले की कान आळशी होतात. हे मी भिंगरीला ती शाळेत असल्यापासून शिकवलं होतं. दुकानातही तिनं आपली ओढणी काढून पडद्यावर टाकली. माहितीपत्रक पहिल्यांदाच गप्प झालं.

लाल डब्यात मला हलकी सरसर जाणवली. काळ्यात काहीच नाही.

"काळा," मी म्हटलं. "एकदम निर्मळ."

भिंगरीनं हेडफोन कानांवर दाबून धरले. "मामा, काळ्यात काहीतरी बारीक आहे रे. सुई टोचल्यासारखं. लालमध्ये नाही."

खरं सांगतो, तेव्हाच मला माझे सहा हजार आठवले होते. पण दुकानदार बघत होता, आणि माझ्या तोंडाला चौतीस वर्षांची सवय होती. "ट्यूबलाइट असेल दुकानातली," मी म्हटलं. "माइक उचलतो तिचा आवाज."

"सरांनी सांगितलं म्हणजे झालं," माहितीपत्रक म्हणालं.

"हो," भिंगरी म्हणाली. "मामानं सांगितलं म्हणजे झालंच." आणि तिनं काळा घेतला. महिनाभरात आवडला नाही तर बदलून देतो, असं दुकानदार सांगत होता, ते तिनं ऐकलंसुद्धा नाही.

दहा दिवस गेले. तिचा फोन नाही. मी खूश होतो, म्हटलं पोरगी कामाला लागली. मंगळवारी दुपारी तिनं बोलावलं.

तिची खोली तिनं छान केली होती. दोन भिंतींना रजया टांगलेल्या, कपड्यांचं कपाट माइकच्या पाठीशी सताड उघडं, म्हणजे आवाज कपड्यांत मुरावा. टेबलाच्या पायांखाली जुनी पायपुसणी. पडद्यावर माझ्या नियमाप्रमाणे टॉवेल. सगळं माझ्या शिकवणीतलं. मी शाबासकी देणार तेवढ्यात तिचा चेहरा पाहिला. उतरला होता.

"मामा, तो आवाज अजून येतोय," ती म्हणाली. "ट्यूबलाइट काढून टाकली. फ्रिज बंद ठेवला, तर आई ओरडली, दूध नासलं म्हणून. दोन केबली बदलल्या. गायला बसले की तो येतो. तू ऐक ना एकदा, नीट."

मी हेडफोन लावले. डोळे मिटले. पूर्ण चढवलेल्या माइकमधून खोली ऐकू येत होती. रजयांचा जडपणा, खाली रस्त्यावरून गेलेली एक सायकल, तिचा श्वास. आणि त्यावर काही नाही. मी किती तरी वेळ बसलो. इतक्या मनापासून मी नोकरीतही कधी ऐकलं नसेन.

तेव्हाच सांगायचं होतं. 'बाई गं, मला नाहीच ऐकू येणार, तुझं तू बघ,' एवढं वाक्य. मी हेडफोन काढून म्हटलं, "स्वच्छ आहे."

ती उठली. चहा करते म्हणून आत गेली.

मी टॉवेलचा एक कोपरा उचलला. आलेख चालूच होता. डावीकडे खोलीची नेहमीची गर्दी, उजवीकडे सगळं सपाट, आणि त्या सपाटीत आठ हजारांवर एक उभी रेघ. पातळ, सरळ, जराही न हलणारी. केबलमधून येणाऱ्या विजेची ती खोड असते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ते वाचून नाकही मुरडलं होतं, कारण त्या लेखाला आलेख जोडलेले होते. भिंगरी दुकानातही हेच सांगत होती. तिला ऐकू येत होतं ते तिथं होतं.

कपबशी वाजली आणि मी टॉवेल खाली सोडला. चोरी करताना पकडल्या गेलेल्या पोरासारखा मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"मामा," चहा देताना ती म्हणाली, "शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेतलीय. तू येशील?"

"कशाला?"

"तुला ऐकू येत नाही आणि मला येतो, म्हणजे बिघाड माझ्यातच ना. कानात असे आवाज येणारी माणसं असतात, वाचलं मी. वाढतच जातं म्हणे." ती शांतपणे बोलत होती. आधी रडून झालं असणार. "तसं असेल तर सोमवारी त्या बाईंना नाही म्हणून कळवते. ज्या कानांवर भरवसा नाही ते घेऊन काम कसं घ्यायचं? तूच सांगतोस ना."

सांगत होतो खरा. मी म्हटलं, "येईन शनिवारी." चहा इतका गरम होता की जीभ पोळली, आणि मला वाटलं, बरं झालं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी तिला रोज फोन केला. बुधवारी हवेवर बोललो. गुरुवारी तिच्या व्हायोलिनच्या तारांवर. शुक्रवारी फोन ताईनं उचलला.

"काय सांगितलंस रे तिला?" ताई म्हणाली. "माइकवर पिशवी घालून ठेवलीय. जेवता जेवता मध्येच थांबते आणि एक कान दाबून बघते, मग दुसरा. मला भीती वाटते रे."

"काही नाही गं, होईल नीट," मी म्हटलं. साठी उलटलेला माणूस, थोरल्या बहिणीशी खोटं बोललो आणि फोन ठेवल्यावर स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यानं काही फरक पडला नाही. मला माझी लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की एकदा हे बोललो की मी चाळणी उरणार नाही, नुसता एक म्हातारा मामा उरेन. पोरीचं आयुष्य एका पारड्यात, माझं टोपणनाव दुसऱ्यात, आणि मी तीन दिवस तराजू धरून उभा.

शनिवारी सकाळी दवाखान्यात गर्दी नव्हती. तपासणीच्या खोलीत आणखी एक छोटी खोली होती, जाड दाराची, काचेची खिडकी असलेली. मला एकदम कामावर आल्यासारखं वाटलं. फक्त आमच्याकडे काचेच्या आत गाणारे बसायचे. इथं ऐकणारा बसतो. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाहेर तपासणारी मुलगी एकेक सूर पाठवते आणि कागदावर खुणा करते. तिच्या यंत्रावर दोन दिवे होते. सूर गेला की पांढरा, बटण दाबलं की हिरवा.

भिंगरी आत बसली. पांढरा लागला की लगेच हिरवा. पांढरा, हिरवा. सूर बारीक होत गेले, हळू होत गेले, हिरवा एकदाही चुकला नाही. तपासणारीनं शेवटी आकडा इतका खाली नेला की ती स्वतःशीच हसली.

"अहो, कसले कान आहेत तुमचे," दार उघडून ती म्हणाली. "इतका चांगला कागद मी या वर्षात पाहिला नाही."

माझा जीव भांड्यात पडला. भिंगरीचा पडला नाही. ती कागदाकडे बघत राहिली.

"मग तो आवाज?" तिनं विचारलं. "मला येतो तो?"

"आवाज असेल तिथं, म्हणून येतो."

"नाही हो. माझ्या मामाला नाही ऐकू येत. ते रेकॉर्डिस्ट होते." ती खुर्चीत बसली. "कान चांगले आहेत म्हणजे मग डोक्यातच आहे. ते तर आणखी वाईट."

तपासणारीनं माझ्याकडे बघितलं. ती लहान होती, पण तिचं ते रोजचं काम होतं. तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिनं नजर काढून घेतली नाही.

"माझी तपासणी करता का?" मी म्हटलं.

"काका, तुमचं नाव नोंदवलेलं नाही आज."

"पाच मिनिटं. पुढचं कुणी आलेलं नाही." मी भिंगरीकडे वळलो. "तू इथं उभी राहा. ते दोन दिवे बघ."

"मामा, तुझं कशाला?"

"बघ म्हटलं ना."

आत गेलो. दार लागलं तसं जग बंद झालं. हेडफोन भिंगरीच्या डोक्याच्या मापाचे होते, ते सैल केले. पहिला सूर आला, घुमणारा, खालचा. बटण दाबलं. दुसरा, तिसरा. शाळेतल्या हुशार मुलासारखा मी पटापट दाबत होतो आणि मूर्खासारखा खूशही होत होतो. सूर चढत गेले. मग एक सूर आला तो आला की नुसता वाटला ते कळेना.

मग काही येईना. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की काचेतून तपासणारीचं बोट दिसतंय. बोट दाबलं गेलं की सूर निघतो. चौतीस वर्षं मी काचेपलीकडच्या हातांवरच काम केलं होतं. वादकाचा हात उचलला जातो त्याच्या निम्म्या क्षणात माझं बोट कळीवर असायचं. मी ठरवलं असतं तर एकही हिरवा दिवा चुकला नसता. चाळणी शाबूत राहिली असती. माझा अंगठा बटणावर होता आणि तिचं बोट खाली जाताना मला दिसत होतं.

मी खुर्ची फिरवली आणि काचेकडे पाठ केली.

समोर करड्या रंगाची, भोकाभोकांची भिंत होती. मी सूर यायची वाट बघत बसलो. स्वतःचा श्वास ऐकू येत होता, गिळलेली थुंकी ऐकू येत होती. वाटलं, मुलगी कागद बदलत असेल, किंवा कुणी काही विचारायला आलं असेल. मी अंगठा तयार ठेवून बसलो होतो. बराच वेळ गेला, तसा मी मोठ्यानं म्हटलं, "करा की सुरू."

खांद्यावर हात पडला. दार कधी उघडलं तेही मला कळलं नव्हतं. भिंगरी होती. तिनं माझ्या डोक्यावरचे हेडफोन काढले.

"मामा, संपलं," ती म्हणाली. "केव्हाच संपलं."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. दोन कागद तिच्या मांडीवर होते. एकावरची रेघ वर वरच राहिलेली, दुसऱ्यावरची मध्यावरून घसरत तळाला गेलेली. तिनं घसरलेल्या टोकावर बोट ठेवलं. तिथं आठ हजार लिहिलं होतं.

"तो आवाज इथला आहे ना?"

"तिथलाच. मला पडद्यावर दिसला. तू चहा करायला गेलीस तेव्हा टॉवेल उचलला मी."

"मंगळवारी?"

"हो."

"आज शनिवार आहे, मामा."

"हो."

ती रागावली. आवाज चढवला नाही, पण मला लहानपणापासून तिचा राग कळतो, ती नखं बघत बसते. "मी चार दिवस झोपले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं मी वेडी होतेय. तू फोन करून हवेवर बोलत होतास."

माफी मागायची होती, ती मागितली, आणि ती मागून काही भरून निघत नाही हेही मला बसल्या बसल्या कळलं. तिनंही 'असू दे' वगैरे म्हटलं नाही. बरं झालं म्हटलं नाही ते.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं. जास्तही असेल."

तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली आणि पर्समधून फोन काढला. दुकानाचा नंबर लावला. "नमस्कार, मी दोन आठवड्यांपूर्वी काळा इंटरफेस नेला होता. हो, तोच. तो परत घेऊन येतेय, तासाभरात. लाल आहे ना अजून? बाजूला काढून ठेवा."

माहितीपत्रकाला आवाज कमी करता येत नाही, त्यामुळे पलीकडचं मला स्वच्छ ऐकू आलं. तो म्हणत होता, "पण मॅडम, सरांनी तर काळाच चांगला सांगितला होता. लाल पुन्हा एकदा सरांना ऐकवून घ्या ना."

भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"गरज नाही," ती म्हणाली. "मी ऐकलाय."